मध्ये जाड राहिलेल्या भाकऱ्या

१० जानेवारी १९७४, गुरुवार. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि मी कडक भाकऱ्या करायला बसले होते.

आमच्या घरी संक्रांतीला शंभर-सव्वाशे भाकऱ्या व्हायच्या. बाजरीच्या, तीळ लावलेल्या, शक्य तितक्या पातळ. तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून पार वाळू द्यायची. नीट झाली तर दोन महिने टिकते. मध्ये जाड राहिली तर तेवढ्याच जागी ओल धरते, चार दिवसांत बुरशी येते आणि चळतीतल्या वरखालच्या भाकऱ्याही खराब होतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक भाकरी तपासून मगच दुरडीत जायची. हे काम माझ्या सासूबाईंचं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायचं ते फक्त उजेड-अंधार. पण भाकरी हातात धरून नखानं टिचकी मारली की आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. खणखणीत वाजली की दुरडीत. बद्द वाजली की बाजूला, त्या दिवशीच्या जेवणाला.

त्या सकाळी पहिल्या बारा भाकऱ्यांतल्या नऊ त्यांनी बाजूला ठेवल्या.

"काय चाललंय हे?" त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"मध्ये जाड आहेत."

"पिठाची विरी गेलीय, गोळा धरत नाही. बाजरी जुनी दिसते."

"परवा तूच आणलीस की. नवी आहे म्हणून दुकानदाराशी भांडून आणलीस."

मी पुढचा गोळा घेतला.

पत्र आदल्या दिवशी आलं होतं. माझी धाकटी बहीण दुधनीच्या पुढे तीन कोसांवरच्या एका गावात दिलेली. तिला लिहिता येत नाही, कार्ड मास्तरांनी लिहिलं होतं. 'गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. संक्रांतीची यात्रा बघून पोरीला घेऊन जाईन. देवाच्या दयेने औंदा पाणी आहे.' एवढंच.

पोरगी म्हणजे तिची मुलगी. पंधरा महिने आमच्याकडे होती.

आम्हाला मूल नाही. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे सांगावं लागणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात बहीण आणि तिचा नवरा दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. सात-आठ वर्षांची ही पोर तिथंच बाभळीखाली बसून राहायची, मिळेल ती वाटपाची सुकडी खायची. दसरा झाल्यावर बहीण तिला घेऊन आली. "दोन महिने ठेवून घे, अक्का," म्हणाली, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेली, कारण दुसऱ्या दिवशी हजेरी होती. पोरीच्या अंगावर पिवळा झगा होता आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत काही नव्हतं. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून आईनं ती दिली असावी.

पहिला महिनाभर ती भाकरीचे तुकडे लपवायची. ट्रंकेच्या मागं, फडक्यात बांधून. आत्याबाई म्हणाल्या, ओरड तिला, मुंग्या होतील. मी ओरडले नाही. ती शाळेत गेली की शिळा तुकडा काढायचा आणि त्याच फडक्यात ताजा बांधून ठेवायचा. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस तुकडा होता तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. तेव्हा मी ठेवणं बंद केलं.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. ती मला दोड्डव्वा म्हणायची, म्हणजे मोठी आई. आमच्यात आईच्या थोरल्या बहिणीला असंच म्हणतात. रात्री झोपेत तिचा पाय माझ्या पोटावर यायचा आणि मी सकाळी तक्रार करायची. संध्याकाळी ती आत्याबाईंना पेपर वाचून दाखवायची, बाजारभावासकट. मी भाकऱ्या थापायला बसले की शेवटचा उरलेला गोळा तिचा. तिची भाकरी बशीएवढी व्हायची.

पत्र वाचून झाल्यावर माझ्या नवऱ्यानं कार्ड कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाला, "तू ठरवशील तसं." तो एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होता. माग बंद पडला की कुठं हात घालायचा हे त्याला बरोबर ठाऊक. घरातले माग मात्र माझ्याकडे. आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत शिलाईचं मशीन कोणतं घ्यावं, मुलीला स्थळ कोणतं बघावं, सासऱ्याला दवाखान्यात कधी न्यावं, हे बायका मला विचारायला यायच्या. मी पटकन ठरवते आणि कारण देते. लोकांना कारण लागतं.

तेव्हा रात्रीच मी ठरवून टाकलं की पोरीला पाठवायचं नाही. कारणंही जुळवून ठेवली. चौथीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, वर्ष मधेच तोडू नये. थंडीत तिला खोकला होतो, तिथं डॉक्टर नाही. गावची शाळा चौथीपर्यंत, जूनमध्ये पुन्हा प्रश्न उभा राहणारच. एकाही कारणात खोट नव्हती. वकिलाला दाखवली असती तर त्यानंही मान डोलावली असती.

आणि तरी भाकऱ्या मध्ये जाड होत होत्या.

आत्याबाईंनी दहावी बाजूला ठेवली, तेव्हा मला राहवलं नाही. "मग तुम्हीच थापा," मी म्हणाले.

"मी थापत होते की, तू जन्मलीही नव्हतीस तेव्हा." त्यांनी भाकरीच्या कडेवरून बोट फिरवलं. "कड फाटली असती तर मी म्हटलं असतं, बहिणीवर चिडलीस. तू चिडलीस की तुझ्या भाकरीची कड फाटते. चोवीस वर्षं झाली, मला ठाऊक आहे. ही कड चांगली गोल आहे. मध्येच हात थांबतोय. भिऊन थापलेल्या भाकऱ्या आहेत ह्या."

"मी कशाला भिऊ?"

"ते तू बघ. मला कुठं दिसतंय."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. "कारखान्यात संप होता त्या संक्रांतीला अशाच केल्या होत्यास. आठव."

मला आठवलं. त्या वर्षी निम्मी दुरडी बुरशी येऊन टाकून द्यावी लागली होती, आणि तेव्हाही मी बाजरीलाच बोल लावला होता. मी सांगोवांगीवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण निम्मी दुरडी मी माझ्या हातांनी शेजारच्यांच्या म्हशीपुढे टाकली होती. ते खोटं कसं म्हणणार.

आम्हाला शिकवलेलं असं की ठरवताना मन बाजूला ठेवावं. मी ते बाजूला ठेवलंच होतं, असं मला वाटत होतं. ते बाजूला बसून हातात उतरलं होतं, हे मला एका आंधळ्या म्हातारीनं सांगावं लागलं.

चूल मंद करून मी उठले. पाहुणी येणार म्हणून ट्रंकेतली चादर काढायची होती. चादरीखाली ती कापडी पिशवी सापडली. आत पिवळा झगा, धुऊन, घडी करून ठेवलेला. त्याखाली पाटीवरच्या दोन पेन्सिली आणि एक बशीएवढी भाकरी, चांगली कडक झालेली.

शाळा सकाळची होती. पोरगी साडेबाराला घरी आली. मी झगा हातात धरून विचारलं, "हा का काढून ठेवलास?"

"अव्वा येणार की आज."

"मग?"

"मी आले तवा हाच होता की अंगावर."

"आता तो तुझ्या खांद्यातून उतरणार नाही, येडे."

"म्हाईत हाय." तिनं दप्तर खाली ठेवलं. "पण अव्वानं वळकायला पायजे की मला."

मी झग्याची घडी पुन्हा घातली आणि पिशवीत ठेवली. तुला जायचंय का, असं विचारायचं अगदी तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिनं मला हवं तेच उत्तर दिलं असतं. तेवढी ती शहाणी होती.

ती जेवून शेजारी खेळायला गेली. मी परत चुलीपाशी बसले आणि आत्याबाईंना सांगून टाकलं, "पाठवते मी तिला. बहीण आली की पहिलं तेच सांगते. मला ती हवी होती म्हणून मी अडवत होते. चूक माझी होती."

हे बोलताना मला फार बरं वाटलं. अंग हलकं झाल्यासारखं. आत्याबाई शाबास म्हणतील, असंही कुठंतरी वाटलं असेल.

त्या म्हणाल्या, "व्वा. सकाळी तुला हवी होती म्हणून ठेवत होतीस. आता हवी आहे हे कळलं म्हणून पाठवतेस. दोन्हीकडे तूच की. पोरगी कुठं आहे ह्यात?"

मी तिथंच आणखी तीन भाकऱ्या थापल्या. तिन्हींची कड फाटली. आत्याबाईंनी तिन्ही बाजूला ठेवल्या.

मग मी हात धुतले आणि नुसती बसले. दिवसाउजेडी हातात काम नसताना बसायची मला सवय नाही. समोरच्या कारखान्यातले माग चालू होते, तो आवाज कधी नव्हे तो ऐकू येत होता. धान्य निवडताना खडे एका बाजूला काढतात तसं मी मनातल्या मनात करायला लागले. तिची सवय झाली, हे माझं. ती गेल्यावर संध्याकाळी पाच ते सात मी काय करायचं ही धास्ती, हीसुद्धा माझी. चांगली बाई म्हणवून घ्यायची हौस, तीही माझीच, आणि ती मला सगळ्यात उशिरा दिसली. परीक्षा तिची, पण पुस्तकं दोन्हीकडे तीच आहेत. खोकला तिचा, पण गेल्या थंडीत तो आल्याच्या काढ्यानंच गेला होता. असं निवडून झाल्यावर तिच्या बाजूला फार थोडं उरलं, आणि त्यातलं काय तिला खरंच हवं होतं, ते मला माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

चारच्या सुमाराला टांगा दारात थांबला. बहीण एकटीच आली होती, नवरा जनावरांपाशी राहिला होता. तिच्या हातात हरभऱ्याचे डहाळे होते आणि फडक्यात बांधलेला गूळ. वाळून काळी पडली होती, पण दंड भरले होते. पोरगी आत्याबाईंच्या मागं जाऊन उभी राहिली.

"हिकडं ये की गं," बहीण म्हणाली.

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा ती आईकडे गेली. बहिणीनं तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, पण ते बघणं तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

चहा झाला. मी पोरीला डहाळे निवडायला परसात पाठवलं. ती गेल्यागेल्या बहीण बोलायला लागली, जणू गाडीत पाठ करून आली होती. बोलणं आमचं कानडीतच चालायचं, इथं मराठीत लिहिते आहे.

"तू देणार नाहीस, मला ठाऊक आहे. नवऱ्यानं सांगून पाठवलंय मला, तुझी अक्का वकील आहे, तिच्यापुढं बोलू नको, नुसती पोरगी उचल आणि ये."

"वकील म्हणाला का मला?"

"त्याच्याहून वाईट म्हणाला. ते सांगत नाही."

आत्याबाई गालात हसल्या. मी म्हणाले, "आधी एक ऐक. मला ती हवी आहे. परीक्षा, खोकला, शाळा, हे सगळं मी कालपासून जुळवून ठेवलंय, तू म्हणशील तर सांगते. पण ते मागाहून आलं. पहिलं हे आहे. ती गेली की मला घरात करमणार नाही. एवढं तुझ्यापुढं ठेवते, आता बाकीचं बोलू."

बहीण भांडायला आली होती. समोर भांडणच राहिलं नाही, तेव्हा तिचे हात पदराशी चाळा करायला लागले. मग खाली बघत म्हणाली, "मी तरी कुठं सरळ आले. पाणवठ्यावर बायका म्हणतात, दुष्काळात पोरगी देऊन टाकली. मी गेले की गप्प बसतात. त्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून मी घाई केली. गाडीत बसल्यावर वाटलं, मी हिला आणायला चाललेय का बायकांना दाखवायला चाललेय." तिनं डोळे पुसले. "आणि आता तिनं तुझ्याकडं बघितलं आधी."

"बघितलं. पंधरा महिने माझ्या हातचं खाल्लंय तिनं. पण तुला ओळखू यावं म्हणून जुना झगा धुऊन ठेवलाय तिनं." मी ट्रंकेतून पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं झगा उघडला, खांद्याला खांदा लावून बघितला, आणि पुन्हा घडी घातली. ती लहानशी भाकरी तिनं हातातच ठेवली.

"झालं तुम्हा दोघींचं?" आत्याबाई म्हणाल्या. "आता पोरीला बोलवा."

नऊ वर्षांच्या पोरीला, तुला ही हवी का ती हवी, असं विचारणं म्हणजे छळ आहे. मी तसं विचारलं नाही. ती डहाळ्यांचं सूप घेऊन आली, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गावाला गेलीस तर पहिल्यांदा काय करणार?"

ती एका दमात सुरू झाली. विहिरीत खरंच पाणी आहे का ते वाकून बघणार. काळ्या शेळीला करडं झाली असतील ती बघणार. माळवदावर चढणार. अव्वाच्या गोधडीत झोपणार. मास्तरांना बत्तीसचा पाढा म्हणून दाखवणार, कारण तिथल्या कुणाला येत नसणार.

"आणि इथं राहिलीस तर उद्या काय करणार?"

"शाळेत जाणार," ती म्हणाली. आणखी काही आठवेना तिला.

बहिणीनं माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी तिनं माझी लाज राखली.

"मग जा अव्वाबरोबर," मी म्हणाले. "यात्रा बघून जा."

पोरगी लगेच उड्या मारायला लागली असं झालं नाही. ती सुपातले हरभरे बोटानं इकडचे तिकडे करत राहिली. "आज्जीला पेपर कोण वाचणार?"

"तुझा दोड्डप्पा वाचेल," आत्याबाई म्हणाल्या. "नवा चष्मा लागलाय त्याला. वाचू दे मोठ्यानं."

"दोड्डव्वा रडंल का?" हे तिनं मला नाही, आत्याबाईंना विचारलं. घरातली पक्की माहिती तिथंच मिळते, हे तिला ठाऊक होतं.

नेहमीची मी असते तर म्हणाले असते, मी कशाला रडू, मला कामं आहेत. त्या दिवशी सकाळपासून एवढं पीठ वाया घालवलं होतं की आणखी एक थाप मारायचं मनात नव्हतं. मी म्हणाले, "रडेन. एखादा दिवस. त्यानं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या करेन."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, खरं बोलते की समजूत घालते ते तपासल्यासारखं. मग म्हणाली, "मग चालतंय."

आणि सूप घेऊन परत परसात गेली. थोड्या वेळानं तिचा बत्तीसचा पाढा ऐकू यायला लागला. सातव्या ओळीला चुकायची, तशी चुकली.

बहिणीनं विचारलं, "जूनला पाचवीचं कसं करायचं?"

"जूनला बघू. तेव्हा पुन्हा तिलाच विचारू," मी म्हणाले. आतून मला पटकन म्हणायचं होतं की जूनला पाठवच. ते शब्द कुठून येतात हे आता मला कळत होतं, म्हणून ते तोंडातच ठेवले. नवरा कारखान्यातून आला, त्याला सांगितलं. त्यानं डबा ठेवला, पोरीला हाक मारली आणि तिला पेपर वाचायला बसवलं. चष्मा त्यानं खिशातून काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले, शाळा सोडल्याचा दाखला आणायला. बहीण येते म्हणाली होती, मी तिला पोरीची वेणी घालायला बसवून एकटीच गेले. कारकुनानं रजिस्टर उघडलं, नाव, जन्मतारीख, इयत्ता भरली आणि एका रकान्याशी थांबला.

"कारण काय लिहू, बाई? वडिलांची बदली, प्रकृती, स्थलांतर?"

"आईकडे जाते."

"तेवढंच?"

"तेवढंच लिहा."

त्यानं लिहिलं आणि शिक्का मारला. दाखला पिशवीत घालून मी घरी आले, पदर खोचला आणि तीच बाजरीची पाटी पुढे ओढून निवडायला बसले. तिच्याबरोबर पंचवीस भाकऱ्या द्यायच्या होत्या, आणि त्या दोन महिने टिकायला हव्या होत्या.